फोटोतली नथ ओतीव आहे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत घरबसल्या दागिने करून विकणाऱ्या महिलांवरचा लेख वाचला. लेखिकेनं मेहनत घेतली आहे, त्याबद्दल आभार. पण लेखावर चार कॉलमी फोटो छापून त्याखाली 'पारंपरिक पद्धतीने हातांनी घडवलेली नथ' असं लिहिलंय, ती नथ ओतीव आहे. साच्यातून काढलेली. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथली रेष कडेनं तुमच्या छपाईतसुद्धा स्पष्ट दिसते. मोती तारेत ओवलेले नाहीत, खळग्यांत चिकटवलेत. घडीव नथीत तार मोत्यातून आरपार जाते, मागे येऊन पीळ घेते, आणि तो पीळ उलट्या बाजूला बोटाला लागतो. हे सगळ्यांना कळावं अशी अपेक्षा नाही, पण ज्या लेखाचा विषयच हातकाम आहे, त्याचा फोटो छापण्यापूर्वी कुणाला तरी विचारायचं होतं. आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, गुजरीतल्या कुठल्याही पेढीवरच्या पोऱ्यानं दुरून सांगितलं असतं.

'सरावाने अर्ध्या तासात एक नथ तयार होते' हे वाक्य वाचून तर माझ्या सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. मला हे काम त्यांनी शिकवलं. साच्यातल्या नथीला मोती चिकटवायला अर्धा तास पुष्कळ झाला, तेवढं मान्य. आमच्याकडे आधी चांदीची तार ओढून बारीक करायची, तापवून मऊ करायची. मधल्या लाल खड्याचं घर करायचं, टाकणखार लावून डाग द्यायचा, म्हणजे तापवून सांधा जोडायचा. डाग जास्त तापला की तार वितळते आणि पहिल्यापासून सुरुवात. मोती लावण्याआधी सोन्याचं पाणी द्यायचं, कारण नंतर दिलं तर मोत्याची चमक जाते. मग मोती निवडत बसायचं. एका सरातले मोतीसुद्धा सारखे नसतात आणि बऱ्याचदा भोकं तारेपेक्षा बारीक निघतात. ती मोठी करताना मोती फुटला तर तो कुणाच्या खात्यात? अर्थात माझ्या.

गेल्या दिवाळीआधी सांगलीत एका प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. आयोजकांनीच आग्रह केला, 'ताई, तुम्ही लोकांसमोर नथ करून दाखवा, गर्दी खेचेल.' खेचली. समोरच्याच स्टॉलवर पितळेच्या ओतीव नथांचा ढीग आणि वर पाटी 'हस्तकला'. एक बाई माझ्यापुढे तासभर बसल्या. व्हिडिओ काढला, तार कुठून आणता, मोती कुठले, सगळं विचारलं. 'किती पेशन्स लागतो हो याला!' म्हणाल्या. किंमत विचारली, हसल्या, उठल्या आणि समोरून दोन नथा घेतल्या, एक स्वतःला, एक नणंदेला. इथवर ठीक आहे, ज्याची त्याची ऐपत आणि आवड. पण पाच मिनिटांत परत आल्या आणि म्हणाल्या, 'याचा चाप जरा सैल लागतोय, तुमच्याकडे पक्कड आहे ना, आवळून देता का?'

दिला आवळून. दोन्ही नथांचा. थोड्या वेळानं आयोजकांचा निरोप आला की प्रात्यक्षिकामुळे वाट अडतेय, आटोपतं घ्या. स्टॉलचं भाडं मात्र समोरच्याएवढंच.

आता लेखातल्या 'अत्यल्प भांडवलात' या शब्दांबद्दल. २०२५च्या सुरुवातीला चांदी किलोला लाखाच्या आत होती, वर्ष सरताना दोन लाखांच्या पुढे गेली. तीस ग्रॅमच्या ठुशीत आधी तीन हजारांच्या आतली चांदी लागायची, तिला सहा हजारांवर मोजायची वेळ आली. वर काम करताना पडणारी घट, सोन्याच्या पाण्याचा खर्च, दागिना दोऱ्यात गाठवून देणाऱ्या पटवेकऱ्याची गाठवणावळ. गिऱ्हाईक म्हणतं, 'मागच्या वर्षीच्या भावात द्या ना, चांदीच तर आहे.' चांदीचा भाव माझ्या हातात नाही, पटवेकरी कमी घेत नाही, मग कमी व्हायला उरली माझी घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी. तिचा तुमच्या लेखात एका ओळीतही उल्लेख नाही. मोठ्या पेढीवर काचेआड बसलेला माणूस हसतमुखानं टक्क्यांत घडणावळ लावतो, तिथे कुणी चकार शब्द काढत नाही. मी मागितली की 'घरीच तर करता ना?'

लेखिकेचा सल्ला असा की हॉलमार्क घ्या, विश्वास वाढेल. सोन्याला तो २०२१पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, चांदीला अजून ऐच्छिक आहे. घ्यायला हरकत काहीच नाही. पण तो शिक्का धातू किती शुद्ध आहे ते सांगतो, दागिना कुणी आणि कसा केला ते नाही. साच्यातून काढलेली ९२.५ टंचाची नथ आणि दिवस मोडून केलेली ९२.५ टंचाची नथ, दोघींवर शिक्का एकच. गिऱ्हाइकानं फरक ओळखायचा कशावरून? 'हस्तकला' लिहिलेल्या पाटीवरून आणि वर्तमानपत्रातल्या फोटोवरून! म्हणून हा पत्रप्रपंच.

कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेची चौकट छापलीत, तीही वाचली. अठरा व्यवसायांत सोनार आहे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते, चांगलं आहे. अवजारं आमच्याकडे सासऱ्यांच्या वडिलांपासूनची आहेत. त्यातलीच पक्कड त्या दिवशी कामी आली.

फोटोखालच्या मजकुराची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी ही विनंती. खरी घडीव नथ हवी असेल तर फोटोपुरती देईन, पण परत पाठवावी लागेल. शिवाय पुरवणीतल्या शब्दकोड्याचं उत्तर सलग दोन रविवार छापलेलं नाही. आडव्या शब्दांतला एक अडलाय म्हणून सासूबाई तो अंक रद्दीत घालू देत नाहीत. दुरुस्तीबरोबर तेही छापलंत तर उपकार होतील.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर
(नाव छापू नये. गिऱ्हाइकं आपलाच पेपर वाचतात.)