गाडी महिनाभर सांगत होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडवर चढावर एखादी गाडी बंद पडली की मागचे सगळे चालकाच्या नावाने बोटं मोडतात. गेल्या जुलैत गायमुखच्या घाटात तशी बंद पडलेली गाडी माझी होती. मागच्या सीटवर मीरारोडच्या एका बारशाचं पन्नास माणसांचं जेवण होतं. ते दोन तास उशिरा पोहोचलं.

मी कासारवडवलीत राहते, घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते. गाडी आठ वर्षं जुनी, साधी गिअरची. त्या दिवशी फर्स्ट टाकून क्लच सोडला तर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढे जाईना, उलट मागे सरकू लागली. हँडब्रेक ओढला, उतरून लाल त्रिकोण मागे ठेवला. दोन रिक्षावाल्यांनी ढकलून कडेला लावून दिली, त्यांचे उपकार विसरणार नाही.

खरं तर गाडी महिनाभर सांगत होती. आधी क्लच निम्म्यावर सोडला की गाडी उचलायची, ती पाय पार वर आल्यावर उचलायला लागली. पातलीपाड्याच्या पुलावर थर्डमध्ये रेस दिली की आवाज वाढायचा, वेगाचा काटा मात्र जागचा हलायचा नाही. आणि वास! फोडणी करपली तर मला बाहेरच्या खोलीत कळतं. तसाच जळक्या पुठ्ठ्यासारखा वास यायचा, आणि पुढच्या ट्रकचा असेल म्हणून मी काच वर करायचे. याची चुटपुट अजून आहे.

वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला पोहोचवणारी क्लच प्लेट माझ्या हातात ठेवली. वरचं खरखरीत अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडले होते, आणि त्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्या जड चाकाला घासते त्यावर, गोल ओरखडे काढले होते. "ताई, महिनाभर आधी आणली असतीत तर क्लच सेटवर भागलं असतं," एवढंच ते म्हणाले.

त्यांनीच एक परीक्षा सांगितली. सपाट, मोकळ्या जागी, पुढे-मागे कुणी नसताना हँडब्रेक पूर्ण ओढायचा, थर्ड टाकायचा आणि रेस न देता क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर ठीक. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. हे वारंवार करू नये, त्यानेही प्लेट झिजते.

आवाजही ऐकावेत. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग तपासून घ्यावं. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबल्यावर प्लेट सुटी करणारं बेअरिंग. चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटत असेल तर एक दिवसही थांबू नये.

ऑटोमॅटिकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. आमच्या इमारतीतल्या एका काकांची गाडी डी (ड्राइव्ह) टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी गचक्यासरशी निघायची. सकाळी इंजिन थंड असतं म्हणून होतं, असं ते समजत. तपासलं तेव्हा गिअरबॉक्सचं लालसर ऑइल काळपट झालेलं होतं आणि त्याला जळका वास होता. पार्किंगमध्ये गाडीखाली लालसर तेलकट डाग दिसला तर तोही इशाराच.

माझी प्लेट गेली ती मुख्यतः सवयीने. कोंडीत चढावर मी ब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवायचे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तसंच शिकले होते. घाटात पाऊण तास असं सरकत राहिलं की प्लेट तापून जळणारच.

म्हणून ठाण्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना हात जोडून विनंती आहे. आठचा आकडा काढायला शिकवता, तसंच चढावर हँडब्रेकवर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवा, आणि झिजलेली एक प्लेट प्रत्येकाच्या हातात द्या. माझी जुनी प्लेट मी जपून ठेवली आहे. कुणाला शिकवायला हवी असेल तर आनंदाने देईन.

आपली नियमित वाचक,
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)