कुडाळच्या काकांना, माझ्या मुलीचा कान खरा ठरवल्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या दुकानातून वेंगुर्ल्याला परतल्यापासून हे पत्र मनात घोळत आहे. तुम्ही दशावताराच्या नाटकांना आणि डबलबाऱ्यांना, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांना, माइक लावणारे. तुमच्याकडे इलेक्ट्रिक गिटार घेऊन जावे की नाही, याविषयी मी स्वतःच साशंक होतो. शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून आलो, आणि आलो हे आमचे भाग्यच म्हणायचे.

दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानातून आम्ही गिटार, छोटा ॲम्प्लिफायर आणि आवाज मुद्दाम खरखरीत करणारे डिस्टॉर्शनचे एक पेडल असा संच घेतला होता. हाताशी 18,000 रुपये होते, त्यांतले 13,000 त्यात गेले. मोकळ्या तारा सुरात लागत, पण दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे फ्रेट्सपैकी, वरच्या फ्रेटवर बोट ठेवले की सूर चढा येई, हे मुलीने दुसऱ्याच दिवशी ओळखले. मी दुकानात फोन केला तेव्हा, मुलीचा कान अजून तयार झालेला नाही, सहा महिने वाजवू द्या, असे उत्तर मिळाले. जी मुलगी सातव्या वर्षापासून आजोबांच्या भजनी मंडळात पेटीवर बसते, तिच्या कानाबद्दल गिटारकडे न बघता हा निकाल दिला गेला आणि मीही तो तिला जसाच्या तसा सांगितला, याचे मला फार वाईट वाटते. दुसऱ्या एका ठिकाणी तर कव्हरची चेन न उघडताच, 30,000 रुपयांच्या खाली इलेक्ट्रिक गिटार बघूच नका, असे ऐकवले. त्यानंतर गिटार खाटेखाली गेली.

तुम्ही मात्र गिटार कितीला घेतली हे विचारले नाहीत. तुम्ही प्रश्न विचारलात तो मला नव्हे, तर तिला: "काय चुकता तुका वाटता?" चौदा वर्षांची पोर अनोळखी माणसासमोर काय वाजवणार? ती तारांवर नुसता हात ठेवून बसली. तेव्हा तुम्ही तिच्या कानांवर हेडफोन चढवलात, टेबलावरचा सोल्डरिंग गन बंद केलात आणि म्हणालात, "मी भायर बसतंय. तू व्हया तसा वाजय, आयकूक कोण नाय." मग मला खुणेनेच बाहेर बोलावून तुम्ही पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलात. मध्ये एक गृहस्थ बिघडलेला माइक घेऊन आले, त्यांनाही तुम्ही दारातच अडवलेत: "थांब रे वायच, आत चेडू वाजवता." ते गृहस्थही निमूट आमच्या शेजारी बसले. वीस मिनिटे तीन पुरुष रस्त्यावरच्या एसट्या बघत बसलो होतो, आणि आत माझी मुलगी कितीतरी दिवसांनी न घाबरता चुकत होती. काका, गिटार दुरुस्त करणारे कारागीर आणखीही असतील. पण ती वीस मिनिटे आम्हाला दुसऱ्या कुणी दिली असती असे मला वाटत नाही.

ती स्वतः दाराशी आली आणि कुठली तार कुठे चढते ते तिने तुम्हाला नेमके सांगितले. तुम्ही बाराव्या फ्रेटवर तार दाबून पाहिलीत. तिथे मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, तो खरोखरच चढा होता. "कान खरो आसा गो तुझो," एवढेच तुम्ही बोललात. तिचा चेहरा त्या क्षणी कसा उजळला ते तुम्ही पाहिले नाहीत, कारण तुम्ही तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या ब्रिजवरचे स्क्रू फिरवण्यात गुंतला होता, मी पाहिला.

तारा फ्रेटपासून फार उंच होत्या, त्यामुळे दाबताना ताणल्या जात आणि सूर चढे. शिवाय समुद्राच्या हवेने दोन महिन्यांतच त्यांना गंज धरला होता. तुम्ही 9 गेजच्या, म्हणजे बारीक, नव्या तारा चढवल्यात, गिटारच्या दांड्याचा बाक सरळ केलात, तारांची उंची उतरवलीत आणि ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारांचे टेकू, एकेक करून मागे सरकवलेत. पेडल लावले की येणारी घरघरही तुम्ही शोधलीत: अडॅप्टर काढून 9 व्होल्टची बॅटरी घातल्याबरोबर ती थांबली, म्हणजे दोष पेडलचाही नव्हता आणि गिटारचाही. पेडलच्या प्लगमध्ये मधल्या पिनला बहुधा ऋण ध्रुव असतो, त्यामुळे घरातला दुसरा कुठलाही अडॅप्टर लावू नका, हे तुम्ही मला दोनदा बजावलेत. आम्हाला ते आधी कुणीही सांगितले नव्हते.

उरलेल्या 5,000 रुपयांत नवे काहीतरी विकण्याची संधी तुम्हाला होती. तुम्ही उलट ते पैसे राखून ठेवायला सांगितलेत. एकेक पेडल जमवत बसण्यापेक्षा पुढे एखादे वापरलेले पण चालू स्थितीतले मल्टी-इफेक्ट्स यंत्र घ्या, त्यात डिले, रिव्हर्ब, कोरस असे आवाजाचे सारे परिणाम एकत्र मिळतात. त्यातले तिला खरोखर काय लागते ते वर्षभर वाजवल्यावर तीच सांगेल, हा तुमचा सल्ला मी वहीत लिहून ठेवला आहे. शेवटी तुम्ही घेतलेत ते तारांचे पैसे. मजुरीचा विषय काढला तर तुम्ही माइकवाल्या गृहस्थांकडे वळलात. गिऱ्हाईक कमी पैशांचे आहे म्हणून त्याला कमी वेळ द्यायचा नाही, ही जुन्या माणसांची रीत आपल्या भागात अजून टिकून आहे, हे त्या दिवशी मला प्रत्यक्ष दिसले.

गिटार आता खाटेखाली नसते, पेटीशेजारी उभी असते. वाजवून झाले की मुलगी तारा सुक्या फडक्याने पुसते, तुम्ही दाखवलेत तशाच, खालून वरून. निघताना तुम्ही हातात दिलेली, टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली केबल अजून आमच्याकडेच आहे. पुढच्या रविवारी ती परत करायला येऊ, आणि या वेळी तुम्ही पायरीवर बसू नये, आतच बसून ऐकावे, असा मुलीचा निरोप आहे.

आपला नम्र,
वेंगुर्ल्याहून तिचे बाबा