डाल जिंकली असं मला नाही वाटत

प्रिय बाय,

परवा फोनवर तू विचारलंस की त्या कार्टूनमधली पोरगी डाल शेवटी सुटली ना कारखान्यातून, मग तू एवढी गप्प का झालीस आई. तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही, आणि हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाहीच, म्हणून लिहिते.

गणपतीत तू स्टार वॉर्स व्हिजन्स लावून दिलंस तेव्हा मला वाटलेलं नुसत्या चमकत्या तलवारींच्या मारामाऱ्या असणार, मुलांचं कार्टून. पण तू पुण्याला परत गेल्यावर मी एकेक करून बघत गेले, २०२१ चे जपानी स्टुडिओंचे पहिले नऊ छोटे सिनेमे आणि मग २०२३ चे जगभरातून केलेले दुसरे नऊ, आणि आता कामं करताना पण तेच डोक्यात असतं. बाहेरून सगळं साधं दिसतं, चांगला विरुद्ध वाईट, हिरवी तलवार विरुद्ध लाल. पण वाईट माणूस नेमका आत कुठल्या दाराने येतो ते बघ. तो जवळजवळ प्रत्येक गोष्टीत काहीतरी द्यायलाच येतो गो. काम देतो, संरक्षण देतो, सुटका देतो. अकाकिरी नावाच्या गोष्टीतल्या त्या मुलाला तर मेलेली प्रेयसी परत देतो, बदल्यात तू आमचा हो म्हणतो. आणि ते नाकारणं कुणाला जमेल सांग, मला तरी जमलं नसतं असं वाटतं.

आता डालचं. ती आयर्लंडवाल्यांची, कार्टून सलून स्टुडिओची गोष्ट. दिवसभर कारखान्यात राबणारी पोरं, एक दिवस पळून गुहेकडे जातात, तिथे भूत आहे म्हणतात. बाकीची घाबरतात, डाल आत जाते आणि त्या किंचाळणाऱ्या भुताला मारून बाहेर येते. इथपर्यंत आपण खूश. मग ती गळ्यातल्या पदकाने कुणाला तरी बोलावते आणि आभाळातून जहाज उतरतं, आतून ती उंच बाई येते, गोड आवाजात बोलते, चल म्हणते. मैत्रिणीला, मित्रांना घेता येणार नाही, एकटीनेच यायचं. आणि डाल जाते.

तू म्हणतेस सुटली. मी म्हणते ते पदक आधीपासून तिच्या गळ्यात होतं. म्हणजे ही बाई तिला आधी कधीतरी भेटलेली, पोरगी कुठे राबते, किती कंटाळली आहे, काय दिलं की उठून येईल हे सगळं हेरून ठेवलेलं. पोरांना वाटतं आपण भूत बघायला आलो, खरं तर ती परीक्षा होती आणि पेपर दुसऱ्याच कुणीतरी काढलेला. आणि ते भूत तरी कोण, हातात लाल तलवार असलेली एक म्हातारी, खंगलेली. गोष्टीत सांगितलेलं नाही पण मला सारखं वाटतं की ही पण कधीतरी कुणाच्या तरी बोलावण्यावरून निघालेली पोरगीच असणार, आणि काम संपल्यावर तिला त्या गुहेत ठेवून दिली, पुढच्या पोरीच्या परीक्षेसाठी. म्हणजे डालने जिला मारलं ती डालच आहे, पन्नास एक वर्षांनंतरची. हे डोक्यात आलं तेव्हा मी टॅब बंद करून ठेवला बाय.

आणि त्यात डालचा दोष काय? काहीच नाही. कारखान्यात दुसरं काही मिळालंच नसतं तिला. म्हणून तर त्या बाईचं काम सोपं झालं. भुकेल्या पोराला शोधत जाणारी माणसं असतात, आणि ती आधी जेवायला वाढतात.

लॉप आणि ओचोची गोष्ट तर मी तीनदा बघितली. जेनो स्टुडिओची आहे. ग्रहाचं नाव ताओ, तिथे एम्पायर, म्हणजे सगळीकडे सत्ता गाजवणारं साम्राज्य, येतं, कारखाने टाकतं. मोठी मुलगी ओचो म्हणते यांच्याशी जमवून घेतलं तरच आपलं घर टिकेल, ग्रहाचं भलं होईल. बाप यासाबुरो म्हणतो हे आपलं सगळं खाऊन टाकणार, यांना उडवून लावू. दोघंही घरासाठीच बोलतायत, एकाच्याही मनात खोट नाही, आणि शेवटी लेक केस कापून एम्पायरच्या बाजूला जाते आणि स्वतःच्या बापावर वार करते. मला रडू आवरलं नाही, कारण मी हे बघितलंय. आपल्या राजापूर तालुक्यात रिफायनरीवरून घराघरात दोन तट पडले तेव्हा तू लहान होतीस. नाणारचं २०१९ ला रद्द झालं, मग बारसूचं निघालं, एप्रिल २०२३ ला सड्यावर माती परीक्षणाला मशिनं आली आणि बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. एका चुलीवर जेवलेले भाऊ एकमेकांच्या गणपतीला जायचे बंद झाले. पोरांना नोकऱ्या हव्यात, गावं ओस पडलीत, घराला कुलूप आणि चाकरमानी मुंबईला, हे म्हणणाऱ्यांना मी कधीच वाईट म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. ओचो पण वाईट नाहीच. ती घाबरलेली आहे. आपलं जे आहे ते हातातून जाणार या भीतीने माणूस ज्याच्यापासून धोका आहे त्याच्याच आसऱ्याला जातो, हे त्या गोष्टीत इतकं बरोबर दाखवलंय.

पण तुझ्या लक्षात आलं का, त्या घरात एकच जण असं आहे जिला एम्पायर आतून ठाऊक आहे. ती म्हणजे लॉप. तिला त्यांनीच गुलाम म्हणून त्या ग्रहावर आणलेलं, तिथून पळालेली, मग ओचोनेच हट्ट करून तिला घरात घेतलेली. जिने सगळ्यात जास्त भोगलं तिला मात्र कुणी विचारत नाही की बाई गो, हे लोक कसे आहेत. विकासावर भांडण होतं ते बाप आणि सख्ख्या लेकीत, दत्तक पोर मधे उभी. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

त्यातलाच द पिट बघितलास का? नसेल तर बघ. तो टोकियोच्या डार्ट श्ताजियो स्टुडिओने लुकासफिल्मबरोबर केलाय. कैद्यांना आणून जमीन खोदायला लावतात, आतले क्रिस्टल काढायचे, खड्डा खोल खोल होत जातो आणि दूरवर शहर उभं राहतं, दिव्यांनी लखलखलेलं. क्रिस्टल संपले की पहारेकरी जहाजात बसून निघून जातात, माणसं तशीच खाली. त्यांना मारत पण नाहीत, नुसतं सोडून देतात. मला हे मारण्यापेक्षा भयंकर वाटलं. आपल्या सड्यावरची चिऱ्याची खाण आठवते ना तुला, मशीन फिरत असतं आणि लाल धूळ उडत असते, तिथे कर्नाटकातून आलेल्या एका बाईचं तान्हं बाळ चिऱ्यांच्या सावलीत झोपवलेलं असायचं, त्याच्या पापण्यांवर पण लाल धूळ. चिरा संपला की मालक दुसरी जागा बघतो, कामगार बिऱ्हाड उचलतात, पावसात त्या खड्ड्यात पाणी भरतं. आपलं घर पण त्याच चिऱ्याचं. शहरात दिवे लावून बसलेल्या माणसांना खड्डा माहीतच नसतो, म्हणून त्या कैद्यांमधला क्रक्स वर चढून त्यांना सांगायला जातो, आणि त्याला परत आणून खड्ड्यात फेकतात, तो मरतो. पण लोकांनी ऐकलेलं असतं, ते येतात.

आता तू म्हणशील आई, चांगली माणसं तरी काय वेगळं करतात, ती पण पोरांना नेतातच की. बरोबर आहे. आपल्या मुंबईच्या एटी-एट पिक्चर्सने केलेली गोलकची गोष्ट घे, ज्यात ट्रेन आहे, ढाबा आहे. तिथली ती ढाब्यावरची म्हातारी पण शेवटी राणी नावाच्या पोरीला घेऊन जाते आणि भाऊ चारुक एकटा मागे राहतो. ताटातूट तशीच. मी यावर खूप विचार केला, कारण मग फरक काय राहिला? मला फरक एवढाच दिसला की ढाबेवाली आधी स्वतः लढायला पुढे झाली. लपून जगत होती, एकदा तलवार काढली की तो ढाबा, ते आयुष्य संपलं हे तिला माहीत होतं, तरी काढली, आणि मग पोरीला चल म्हणाली. डालवाली बाई मात्र जहाजात बसून राहिली, जीव धोक्यात घालायचं काम दहा-बारा वर्षांच्या पोरीकडून करून घेतलं आणि मग शाबासकी द्यायला उतरली. क्रक्स पण स्वतःच चढला, दुसऱ्याला नाही चढवलं. किंमत कोण भरतंय तेवढं बघायचं, रंग आणि तलवारी सोडून दे.

हे सगळं मी तुला एवढं लांबवून का सांगतेय ते तुला कळलं असेलच. तुझ्या त्या कंपनीचं लेटर आलंय, तू किती खूश आहेस ते आवाजावरून कळतं, आणि बाबा पण अख्ख्या वाडीत सांगून आले. मी पण खूश आहे, खरंच. नको जाऊ असं म्हणत नाहीये. पण तीन वर्षांचा बॉण्ड आहे म्हणालीस, मधे सोडलं तर पैसे भरायचे आपण, आणि त्यांनी मधे काढलं तर ते काय भरणार ते तुला सांगता आलं नाही. ओरिजिनल सर्टिफिकेटं पण त्यांच्याकडेच जमा करायची म्हणे. ती का, हे सरळ विचार त्यांना, लाजू नको. आणि तिथे आधी लागलेल्या, सोडून गेलेल्या एखाद्या मुलीशी बोल. कंपनी ज्यांची नावं देईल त्या नकोत, तू स्वतः शोध.

बॉण्डच्या सगळ्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाक, मागच्या बारीक अक्षरातल्या पानाचा पण. तुझा मामा शनिवारी राजापूरला कोर्टात येणार आहे, त्याला दाखवते. तोवर सही करू नकोस, त्यांनी कितीही घाई केली तरी. आणि द पिट बघून झाला की फोन कर, मला त्यावर तुझ्याशी अजून बोलायचंय.

तुझी,
आई