पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. दोष माझ्या राउटरचा नाही

प्रति,
तक्रार निवारण विभाग

महोदय,

साताऱ्याच्या घरी आपली फायबर जोडणी आहे. तिथे आई-वडील दोघेच असतात, म्हणून दाराशी आणि अंगणात कॅमेरे लावले. पुण्याहून ते बघायला गेलो की काहीच उघडत नाही. कॉल सेंटरचं उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा, नाहीतर तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणारा राउटरमधला नियम) चुकलं असेल.

ते चुकलेलं नाही. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) घरातला पत्ता १९२.१६८.१.२० असा पक्का करून राउटरमध्ये नियम घातला आहे. खरी गोम राउटरच्या स्टेटस पानावर दिसते. तिथला वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.७२ ने सुरू होतो, आणि इंटरनेटवर तपासला तर भलताच पत्ता निघतो. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते २०१२ मध्ये सेवा पुरवठादारांच्या आतल्या जाळ्यासाठी राखून ठेवले गेले; बाहेरच्या जगातून तिथे थेट पोचताच येत नाही. म्हणजे माझा राउटर एकदा नॅट करतो (आतले अनेक पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे लपवतो) आणि त्यावर आपण पुन्हा एकदा.

घरातून कुणी काही मागवलं की कोणत्या पोर्टवरचं उत्तर कुणाला द्यायचं, याची नोंद दोन्हीकडच्या तक्त्यांत होते. म्हणून आईचं यूट्यूब छान चालतं. पण सुरुवात बाहेरून झाली तर आपल्या यंत्रात तशी नोंदच नसते आणि पॅकेट तिथेच टाकून दिलं जातं. माझा नियम त्याच्या पुढच्या राउटरमध्ये बसलाय. आपल्या तक्त्यात मला काही लिहिता येत नाही, मग मी राउटर कितीदा रीसेट करू?

आयपीव्ही ४ चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी, ते पुरत नाहीत हे मान्य. पण कॅमेऱ्यांसाठीच जोडणी घेतोय हे सांगूनही आपला माणूस ‘सगळं चालतं’ म्हणाला. शिवाय पत्ते वाचवायचे तर आयपीव्ही ६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, द्यायला हवा. माझ्या मोबाइलवर तो येतो, आपल्या फायबरवर नाही.

मला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, द्यावा. स्टॅटिकच (कायम तोच राहणारा) हवा असं नाही, बदलता असला तरी डीडीएनएसने (बदलता पत्ता एका ठरलेल्या नावाला जोडून ठेवणाऱ्या सेवेने) भागेल. ते शक्य नसेल तर आयपीव्ही ६ सुरू करावा. दोन्ही जमणार नसेल तर तसं लेखी कळवून इन्स्टॉलेशनचे पैसे परत करावेत. या तक्रारीचा डॉकेट क्रमांक कृपया पाठवावा, अपील करायची वेळ आली तर तो लागेल.

आपला,
एक फायबर ग्राहक