सांता फेच्या ओसरीत बसणाऱ्या आजींना

आजी, सा. न.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, पोचलं तरी मराठी तुम्हाला वाचता येणार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या दुपारी अमेरिकेतल्या तुमच्या सांता फे शहरात, पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या वाड्याच्या ओसरीत, जिथे तुम्ही मूळ अमेरिकन कारागीर आपला माल विकायला बसता, मी आले ती डोकं फिरलेलंच होतं. एका चकचकीत दुकानातून 'हाताने घडवलेलं' म्हणून अकोमाचं, म्हणजे तिथल्या मूळ अमेरिकन कुंभारांच्या गावाचं, भांडं घेतलं होतं, आणि ते साच्यातलं निघालं. जाब विचारायला गेले, तर मालकाने मान वर न करता पावतीवरची 'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ बोटाने दाखवली. बस्स.

तुम्ही तर स्वतःचा माल विकायला बसलेल्या. दुसऱ्याकडच्या फसवणुकीचं रडगाणं ऐकायची तुम्हाला काय पडली होती? तरी माझं भांडं मांडीवर घेतलंत. माझा हात धरून बोटं त्याच्या आत फिरवलीत. सगळीकडे गुळगुळीत, एकसारखं. मग तुमच्या भांड्यात. तिथे बोटांना खळगे लागले, तुमच्याच बोटांचे! चाक नाहीच. कडबोळ्यांसारख्या वळ्या एकावर एक चढवायच्या, चिमटीने सांधायच्या, खरवडत खरवडत भिंत पातळ करायची. मातीत जुन्या खापरांची पूड, वरून पांढऱ्या मातीचा लेप, आणि मग युक्का या तिथल्या झुडपाच्या पानाचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने पावसाच्या त्या केसासारख्या रेघा.

"मग हे फेकूनच देते," मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. माझ्या भांड्यावर एक रेघ वळणावर जरा थरथरली होती, तिथे नख टेकवून म्हणालात, "साचा कुणाचाही असेल, ही रेघ आमच्यातल्याच कुणीतरी हाताने ओढली आहे. तिलाही घर चालवायचं असतं."

आजी, त्या दुकानदाराला दोन शिव्या हासडल्या असत्यात तर माझं भांडण मिटलं असतं आणि तुमचं एक भांडं खपलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. धंद्यात बसून दुसऱ्याच्या पोटाचा विचार करणारी माणसं अजून आहेत म्हणायची.

तुमचं भांडं मी घेतलं ते नंतर, घासाघीस न करता. (आमच्याकडे हे कुणाला खरं वाटत नाही.) ऑगस्टात तिथे मूळ अमेरिकन कलाकारांचं इंडियन मार्केट भरतं तेव्हा पुन्हा यायचा विचार आहे. आणि हो, पाणी घालू नका म्हणाला होतात, ते पक्कं लक्षात आहे. आईने परवा त्यात झेंडू ठेवायला तांब्या उचललाच होता. वेळेवर ओरडले.