आबांच्या हातात तेलाची वाटी देणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानू लागले की "शेजारधर्म गं, त्यात काय एवढं" असे म्हणून तुम्ही विषय बदलता आणि माझाही गळा भरून येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते चारचौघांनी वाचावे अशीही माझी इच्छा आहे, कारण ज्या घरात स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे माणूस आहे, त्या घराला सणाची सकाळ किती जड जाते, याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

आमच्या आबांचे सारे उमेदीचे आयुष्य लालबागच्या कापड गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्यांची नोकरी गेली ती कायमचीच; पण आता आजारामुळे मधली सगळी वर्षे पुसली गेली आहेत आणि पहिल्या पाळीची वेळ मात्र अंगात राहिली आहे. पहाटे उठतात, डबा मागतात, दाराची कडी काढू पाहतात. एरवीच्या दिवशी हे निभावून नेता येते. दिवाळीच्या पहाटे मात्र दिव्यांचा झगमगाट, पाहुण्यांचा गलका, एकाच वेळी चौघांनी केलेल्या सूचना आणि अंगाला न ओळखीचे नवे कपडे या सगळ्याने ते बावरून जातात. गेल्या चावदिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीला, एका नातलगाने त्यांना तोंडावर सांगितले, "कसली पाळी? गिरणी कधीच बंद झाली." ती बातमी आबांनी जणू प्रथमच ऐकली आणि ते ओंजळीत तोंड लपवून रडले.

त्यानंतर आम्हाला सल्ले पुष्कळ मिळाले. सण आटपेपर्यंत त्यांना आतल्या खोलीत बसवा, असे ज्यांनी सुचवले ते परके नव्हते, आबांच्या खांद्यावर बसून गणपती पाहिलेली माणसे होती. ज्या डॉक्टरांकडे मोठ्या आशेने गेलो, त्यांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. घरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थेने आगाऊ पैसे घेतले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर माणूस गावी गेल्याचे कळवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, तरी पहाटेच्या लवंगी माळांविषयी चाळीच्या कमिटीकडे शब्द टाकला तेव्हा "सणासुदीला कोणाला अडवणार?" एवढेच उत्तर मिळाले. हे सारे लिहिताना अजून राग येतो, आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

तुम्ही मात्र दसरा झाल्यावर आपणहून येऊन बसलात आणि पहिला प्रश्न विचारलात तो हा, की पूर्वी चावदिवशी आबा काय काय करायचे. तुमच्या सासूबाईंचे शेवटचे दिवस तुम्ही याच आजारात काढले आहेत, त्यामुळे पुढचे सगळे तुम्ही कोठेही गाजावाजा न करता जुळवलेत. पाहुण्यांना पहाटेऐवजी अकरा वाजता बोलावणे, आदल्या रात्रीच पाणी भरून ठेवणे, आबांशी एका वेळी एकानेच बोलणे, असे किती सांगू? त्यांचा नवा सदरा एकदा धुऊन आठवडाभर त्यांच्या खुंटीला टांगून ठेवायला तुम्ही सांगितलेत. त्या पहाटे तो सदरा त्यांनी आपला म्हणून स्वतःच काढून घेतला! फटाक्यांचे तर तुम्ही कमिटीकडे गेलाच नाहीत; थेट जिन्यातल्या मुलांशी बोललात, आणि आबांची आंघोळ व फराळ होईपर्यंत त्या पोरांनी एक टिकलीसुद्धा वाजवली नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ती गोष्ट याहून लहान आहे. आबा पाचच्या सुमारास उठून दाराशी गेले आणि "भोंगा झाला का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही सगळेच जागच्या जागी थबकलो. तुम्ही गिरणीचा विषयच काढला नाहीत. कोमट तेलाची वाटी त्यांच्या हातात दिलीत, माझ्या मुलीला त्यांच्यापुढे पाटावर बसवलेत आणि म्हणालात, "आबा, हिच्या टाळूवर पहिलं तेल तुमचं. मग आमची आंघोळ." आबा क्षणभर वाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी तेलात बोटे बुडवली, जास्तीचे तेल वाटीच्या काठावर निपटले, ते मुलीच्या टाळूवर थापले आणि सवयीने तळहात तिच्या कानामागून मानेपर्यंत फिरवला. माझे यजमान सांगतात, लहानपणी आबा त्यांना अगदी असेच तेल लावीत; ते निपटणेसुद्धा तसेच. नंतर त्यांनी आम्हा प्रत्येकाला हाक मारून पाटावर बसवले, आणि स्वतःच्या अंगाला उटणे लावून घेताना जराही विरोध केला नाही. उजाडायच्या आत तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून त्यांनी खणखणीत आवाजात "गोविंदा" म्हटले आणि दडपे पोहे मागून घेतले.

आम्हाला आबांना सांभाळायचे होते. तुम्ही त्यांना घरातल्या कर्त्या माणसाचे काम परत दिलेत. ज्या माणसाला उद्या आपण आठवणारही नाही, त्याचा आज मान राखणे हे माझ्या मते खरे सौजन्य आहे, आणि ते अजूनही माणसांत आहे याचा प्रत्यय मला आपल्या दोन दारांमधल्या गॅलरीत आला. तुमचे हे ऋण फेडण्याची भाषा मी करणार नाही.

एक विनंती मात्र आहे. तुळशीचे लग्न जवळ आले आहे. ते तिन्हीसांजेला लागते आणि नेमकी त्याच वेळी आबांची घालमेल वाढते, म्हणून माणसे मोजकी बोलावली आहेत, घरातले दिवे अंधार पडण्याआधीच लावायचे ठरवले आहे आणि मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यांना अक्षता वाटण्याचे काम आबांकडे दिले आहे. सगळा क्रम कागदावर लिहून ठेवला आहे. सवडीने येऊन तो एकदा नजरेखालून घालावा, आणि त्या दिवशी आबांच्या शेजारी तुम्हीच उभे राहावे.

आपली नम्र,
शेजारच्या खोलीतली सून