आजीचा विश्वास कमी पडला नव्हता

शरणपूर रोड, नाशिक
रविवार, संध्याकाळ

प्रिय अनू,

जय ख्रिस्त.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजीचा विश्वास कमी पडला असेल का?" मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्यावर राग नाही. हा प्रश्न ज्यांनी तुझ्या मनात भरवला त्यांच्यावर आहे.

पुण्याच्या त्या गटात सांगतात, विश्वास खरा असेल तर आजार राहणारच नाही, आणि पैशाचं बी पेरलं की शंभरपट परत येतं. ही शिकवण मला नवी नाही, बाळा. आजीला कॅन्सर निघाला त्या वर्षी मीही एका मोठ्या सभेला गेलो होतो. स्टेजवरच्या माणसाने विचारलं, "आईच्या जिवाची किंमत किती?" खिशात तिच्या औषधांचे आठ हजार होते. ते सगळे मी पेटीत टाकले.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती रागावली नाही. उशाचं पवित्र शास्त्र घेतलं, चष्मा चढवला, पानं हळूहळू उलटली आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या विसाव्या वचनावर बोट ठेवलं. प्रेषित पौलाचा सोबती त्रफिम आजारी होता, म्हणून पौल त्याला मिलेत शहरात सोडून आला. "ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन ठेवले तरी लोक बरे व्हायचे," ती म्हणाली, "त्यालाच आपला सोबती आजारी ठेवून पुढे जावं लागलं. मग विश्वास कोणाचा कमी पडला रे? पौलाचा?"

त्या दिवसापासून मी अशी वचनं शोधून वाचू लागलो. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याची वारंवारची दुखणी पौलाला ठाऊक होती, तरी 'विश्वास वाढव' असं त्याने लिहिलं नाही. पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं लिहिलं. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? प्रभूने दोघांवरही दोष ठेवला नाही. आणि ते 'शंभरपट' मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे, तिसाव्या वचनात. तिथेच पुढे छळही सोबत येईल असं प्रभू म्हणतो. सभेत तेवढं वाचायचं राहून जातं.

देव बरं करत नाही असं मी म्हणत नाही. तुझी आई रोज सकाळी आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करते, आणि काही जण उठून चालायला लागलेले मी पाहिलेत. पण देवाचं दान पैशाने मिळेल असं वाटलेल्या शिमोनाला पेत्र काय म्हणाला, ते प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात वाच.

आपल्या शरणपुरात एकेकाळी गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहिली, शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत पायी आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अंत्यविधीच्या वेळीही. घर, आईबाप, सगळं हिरावलेल्या त्या मुलांना कोणी 'तुमचा विश्वास कमी होता म्हणून' असं सांगण्याची हिंमत केली असती का?

तू गट आजच सोड असं मी म्हणणार नाही. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात शोधून पडताळलं, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालं. पुढच्या सभेत तू त्रफिमाचं वचन वाचून दाखव आणि अर्थ विचार. उत्तर काय देतात ते ऐक, आणि विचारल्याबद्दल तुझ्याशी कसं वागतात तेही बघ.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आजीच्या शेवटच्या रात्री मी तेविसावं स्तोत्र म्हणत होतो. 'मृत्युच्छायेच्या दरीतूनही' ह्या ओळीवर माझा गळा दाटला, पुढचे शब्द निघेनात. ते तिने म्हटले. 'तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही.' आवाज बारीक होता, पण एकही शब्द अडखळला नाही.

तिचं शास्त्र उद्या कुरियर करतोय. खुणेचा दोरा विसाव्या वचनापाशीच ठेवलाय.

तुझा,
बाबा